कौलं कमी पडली तेव्हा

राजापूर तालुक्यातल्या आमच्या घराचं छप्पर गेल्या वर्षी मे महिन्यात उतरवलं. वासे वाळवीने पोखरले होते, कौलं जागोजाग गळत होती. सगळंच नवं करायचं ठरलं.

कौलांचा हिशेब मीच केला. घर ३० फूट लांब, २० फूट रुंद. म्हणजे ६०० चौरस फूट, सहा ब्रास. एका ब्रासला दीडशे मंगलोरी कौलं धरतात, हे माहीत होतं. ९०० कौलं मागवली आणि निर्धास्त झालो.

वासे चढले, रिपा ठोकून झाल्या. २८ मे रोजी पुढचं पाखं शाकारून झालं, तेव्हा अंगणात जेमतेम १८० कौलं उरली होती. मागचं पाखं सगळं उघडं. मी ती कौलं तीनदा मोजली.

सुतारकाका टेप घेऊन शिडी चढले. "हे टोक वळचणीला धरा," म्हणाले. वाशाच्या अंगाने आढ्यापर्यंत माप आलं साडेचौदा फूट. मी दहा धरले होते. उतारामुळे लांबी वाढते, आणि भिंतीबाहेर चारही बाजूंना अडीच-अडीच फूट छप्पर येतं, ते मी मोजलंच नव्हतं. लांबीही ३० नाही, ३५. "घराचं माप घेतलंत, छपराचं घ्यायला हवं होतं," काका एवढंच बोलले. ३५ गुणिले साडेचौदा, असं दोनदा. १,०१५ चौरस फूट, म्हणजे दहा ब्रासच्याही वर. आढ्यावरचे कोने तर माझ्या यादीत नव्हतेच.

दुकानदाराकडे आधीच्या कारखान्याची कौलं संपली होती. घाईत दुसऱ्या कारखान्याची ७५० आणली. पहिल्या उरलेल्या कौलाशेजारी नवं ठेवून पाहिलं, तर खाच खाचेत बसेना. मध्ये बोट जाईल एवढी फट राहिली. शेवटी मागच्या पाख्यावर फक्त नवी कौलं घालायची ठरवलं. पण त्यांची लांबी वेगळी, त्यामुळे रिपांचं अंतरही वेगळं. मागच्या सगळ्या रिपा उपटून पुन्हा ठोकल्या. दोन दिवसांची मजुरी त्यात गेली.

५ जूनच्या रात्री पाऊस आला. ताडपत्री होती, तरी माजघरात पाणी उतरलं. तांदळाची पोती पडवीत ओढली, आईला शेजारी झोपायला पाठवलं. ती काही बोलली नाही. मला मात्र रात्रभर झोप लागली नाही.

रिपांचं अंतर काढायची काकांची रीत सांगतो. दहा कौलं एकाखाली एक अडकवून जमिनीवर मांडायची. पहिल्या कौलाच्या वरच्या कडेपासून दहाव्याच्या वरच्या कडेपर्यंत एकदा ताणून मोजायचं, एकदा दाबून. दोन मापांची सरासरी काढून, तिला नऊने भागून अंतर धरायचं. हे रिपा ठोकण्याआधी, आणलेल्याच कौलांवर करायचं. फुटीसाठी शेकडा पाच कौलं जास्त घ्यायची, कोने आढ्याच्या फुटाला एक धरायचे, आणि सगळा माल एकाच वेळी, एकाच कारखान्याचा आणायचा.

उरलेली १८० कौलं मागच्या पडवीत भिंतीला उभी रचून ठेवली आहेत. यंदा माकडांनी पुढच्या पाख्यावरची अकरा फोडली. ती त्यातूनच बदलली.