भाव न करणारं गिऱ्हाईक

नागपुरात जेवणाची ऑर्डर एका फोनमध्ये ठरते असं ज्याला वाटतं, त्याने माझा मोबाईल एक दिवस सांभाळून पाहावा. गोळाभातावरची फोडणी वेगळी देता का वरूनच टाकता? कढी संगच आहे का तिचे पैसे अलग? पाटोडीचा रस्सा झणझणीत पाहिजे, पण सासऱ्यांना ॲसिडिटी आहे, त्यांच्यापुरता फिका काढा. सांबारवडी मोठी करा न ताई, भाव मात्र लहानीचा लावा. हे सगळं झाल्यावर शेवटी, "पाचशे कमी करून टाका, घरचंच समजा." मानेवाड्यात घरूनच ऑर्डरी घेते मी. पूर्वी या घासाघिशीचा वैताग यायचा. आता ती कानावर पडली की बरं वाटतं, कारण खोटं गिऱ्हाईक यातलं काहीच विचारत नाही.

मागच्या थंडीत कॉटन मार्केटमधून आणलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडत बसले होते, तेव्हा फोन आला. "जय हिंद मॅडमजी, कामठी कँट से बोल रहा हूँ." साठ जवानांचं दुपारचं जेवण, शाकाहारी, उद्याच. मी १६० रुपये ताट सांगितलं. "ओके मॅडम." मग वडी घातली तर १८० होईल म्हटलं. "ओके मॅडम." तिखट किती ठेवू? "जो आपको ठीक लगे." साठ फौजी, आणि तिखटाबद्दल एकाचंही काही म्हणणं नाही! माझं लक्ष सांबारावरून उडालं ते तिथेच.

लगेच व्हॉट्सॲपवर ओळखपत्राचा फोटो आला, वर्दीतला दुसरा फोटो आला, कँटीन कार्डही आलं. इतकी कागदपत्रं मला कोणी मागितल्याशिवाय पाठवत नाही. लग्नाचं गिऱ्हाईक तर हॉलचा पत्तासुद्धा दोनदा विचारल्यावर देतं.

वर्दीच का, हे नागपूरकराला सांगायला नको. कामठीला गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर, वायुसेनानगरला हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय. प्रत्येक गल्लीत कोणाचा तरी भाऊ नाहीतर जावई नोकरीवर. त्या नावापुढे शंका घ्यायची आपल्यालाच लाज वाटते, आणि ठगाला नेमकी ती लाजच हवी असते. हाच माणूस पॅथॉलॉजीवाल्याकडे जवानांच्या रक्ततपासणीची ऑर्डर घेऊन जातो, घर भाड्याने देणाऱ्याकडे बदलीवर आलेला सीआयएसएफवाला होऊन. आमच्या मागच्या गल्लीत राहणारे निवृत्त सुभेदार काका फोटो पाहून म्हणाले, "खरा फौजी आपलं कार्ड असं वाटत फिरत नाही बाई. अन् लंगर सोडून साठ जणांचं जेवण फोनवर कोण मागवून राहिलं?"

मग पैशाची गोष्ट निघाली आणि इतका वेळ सुस्त असलेला माणूस एकदम चपळ झाला. मी निम्मा ॲडव्हान्स मागितला, तर तो पूर्ण द्यायला तयार! फक्त "आर्मी का पेमेंट सिस्टम उल्टा होता है": त्याने पाठवलेला क्यूआर मी स्कॅन करायचा, पिन टाकायचा, की रक्कम माझ्या खात्यात. मी स्कॅन केला, पिन टाकला नाही. पडद्यावर १०,८०० हा आकडा आधीच भरलेला होता, नाव ओळखपत्रावरचं नव्हतं, कुठल्याशा किराणा दुकानाचं होतं, आणि खाली बटण होतं पैसे पाठवण्याचं. मी म्हटलं, भाऊ, माणूस पाठवून रोख द्या. त्यावर आधी देशभक्तीचा डोस, मग दमदाटी, मग ब्लॉक.

यूपीआयचा पिन एकतर पैसे पाठवायला लागतो, नाहीतर शिल्लक बघायला. घ्यायला कधीच लागत नाही. पूर्वी हेच लोक पैशाची मागणी थेट ॲपमध्ये पाठवायचे आणि घाईत माणूस ती मंजूर करून बसायचा. १ ऑक्टोबर २०२५ पासून एनपीसीआयने व्यक्तीकडून व्यक्तीला अशी मागणी पाठवणं बंद केलं. म्हणून आता क्यूआर.

माझ्या ओळखीतल्या एका फोटोग्राफर पोराला दुसऱ्या तऱ्हेने गाठलं. प्री-वेडिंगचा ॲडव्हान्स दोन हजार ठरला होता, त्याला वीस हजार जमा झाल्याचा मेसेज आला, मागोमाग रडवेला फोन: "एक शून्य जास्त पडला, आई दवाखान्यात आहे, बाकीचे परत करा." पोरगं मायाळू, त्याने केले. खात्यात मुळात दमडी आली नव्हती. मेसेज बँकेच्या अक्षरी नावाने आलाच नव्हता, साध्या दहा आकडी नंबरावरून टाईप केलेला होता. त्याने तासाभरात १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावला म्हणून पुढच्या खात्यात थोडी रक्कम अडवता आली. दुसऱ्या दिवसावर ढकललं असतं तर ती तिथून केव्हाच निघून गेली असती.

खरं सांगायचं तर वर्षभरात मला बुडवणारे बहुतेक वर्दीतले नसतातच. मराठीच बोलतात, वडी चाखून जातात, "बाकी कार्यक्रम झाल्यावर" म्हणतात आणि कार्यक्रम झाल्यावर फोन उचलत नाहीत. त्यांच्यासाठी निम्मे पैसे आधी, उरलेले भांडी गाडीतून उतरायच्या आत. जेवण वाढून झाल्यावर माणसाला भूक आठवत नाही, बिल तर नाहीच. मेसेजवर मी विश्वास ठेवत नाही, स्वतःचं खातं उघडून बघते. गिऱ्हाईक समोर ताटकळलं तरी चालेल.

फेब्रुवारीत अनोळखी नंबरावरून तीन हजार जमा झाले. खात्यातही दिसले. पाठोपाठ फोन. "ताई, नातीचं बारसं हाय, चाळीस पानं. मी कामठीले हवालदार हाय, पन ते आधी सांगतलं असतं तं तुम्ही फोनच कापला असता. म्हून पैसे पयले टाकले. आता सांगा, कढी संग देता का नाही?"