माइल्स उडवले, झिरो माइल गाठला!

पॅरिससाठी साठवलेले पॉइंट्स शेवटी नागपूरला खर्च केले. आणि चक्क वसूल झाले!

घाटकोपरच्या असल्फामध्ये वाढलेल्या कुणालाही विचारा, विमान म्हणजे काय? उत्तर एकच, आवाज! मुंबईत उतरणारी बहुतेक विमानं ठाण्याची खाडी ओलांडून घाटकोपरच्या डोक्यावरून येतात आणि कुर्ल्याच्या जरीमरीला लागून असलेल्या मेन रनवेवर टेकतात. गर्दीच्या वेळी दर दोन-तीन मिनिटांनी एक. सिरियलमध्ये सासू सुनेला काहीतरी महत्त्वाचं सांगणार, एवढ्यात वरून घरघर! माझी आई रिमोटवर बोट ठेवूनच टीव्ही बघते. गेली तीस वर्षं ती विमानांच्या पोटाखाली कपडे वाळत घालतेय. आत एकदाही बसली नव्हती.

आणि मी? फ्रीलान्सिंगच्या आधी तीन वर्षं एका इव्हेंट कंपनीत होते. आज दिल्ली, उद्या बेंगळुरू, परवा पुन्हा दिल्ली. तिकीट कंपनीचं, माइल्स माझे. वर क्रेडिट कार्डाचे पॉइंट्स. किराणा, पेट्रोल, मोबाइलचं बिल, सगळं कार्डावर. मित्रांचं जेवणाचं बिलसुद्धा मी भरायची आणि त्यांच्याकडून कॅश घ्यायची. ध्येय एकच, पॅरिस. फुकटात!

एके दिवशी ईमेल आला : तुमचे 24,600 पॉइंट्स 31 मार्चला एक्स्पायर होत आहेत.

फुकट, पण किती?

पहिल्यांदाच नीट हिशेब मांडला. पॅरिसच्या रिटर्न तिकिटाला माझ्याकडे होते त्याच्या दुपटीहून जास्त पॉइंट्स लागत होते. शिवाय ‘फुकट’ तिकिटावरही टॅक्स आणि इतर चार्जेस रोख भरायचे असतात. परदेशी प्रवासात हा आकडा चांगलाच घाम फोडतो. वर अशा सीट्स प्रत्येक विमानात मोजक्याच. मे महिना, दिवाळी, ख्रिसमस म्हटलं की गायबच.

दुसरा पर्याय कॅटलॉगचा. मिक्सर, हेडफोन, व्हाउचर. मिक्सर जवळपास घेतलाच होता. मग गणित केलं. पाच हजारांचा मिक्सर वीस हजार पॉइंट्सना, म्हणजे एका पॉइंटचे 25 पैसे. तोच पॉइंट देशातल्या तिकिटाला वापरला तर? साडेपाच हजारांचं तिकीट, त्यातले टॅक्स वगैरे हजारभर आपल्याला भरायचेच. उरले साडेचार हजार. त्यासाठी सहा हजार पॉइंट्स, म्हणजे एकाचे 75 पैसे. तिप्पट! मिक्सर बाद.

पण जायचं कुठे? ग्रुपवर ‘गोवा, गोवा’ सुरू झालं. त्याच संध्याकाळी नागपूरहून मावशीचा फोन आला. मावशी आईपेक्षा बारा वर्षांनी मोठी. आजी लवकर गेली, आईला तिनंच वाढवलं. आता तिची दृष्टी कमी होत चाललीय. फोन ठेवताना आई म्हणाली, ‘ती म्हणते, चेहरा दिसतोय तोवर ये एकदा.’

आई चार वर्षांत नागपूरला गेली नव्हती. विदर्भ एक्सप्रेसनं चौदा-पंधरा तास. कंबरेच्या दुखण्यानंतर डॉक्टरांनी एवढ्या लांबचा प्रवास नको म्हणून सांगितलेलं. विमानाचा विषय घरात कधी निघालाच नाही. विमान हे ‘ऑफिसवाल्यांचं’ असतं ना!

मैत्रीण म्हणाली, ‘माइल्स वापरून नागपूर? वेस्ट आहे यार.’ मलाही क्षणभर तसंच वाटलं, हे कबूल करते. मग साइट उघडली. फेब्रुवारीतला मंगळवार, दोन सीट्स शिल्लक. दोघींचं जाणं-येणं, 24,000 पॉइंट्स. टॅक्सचे जवळपास चार हजार कार्डावर. (त्याचेही पॉइंट्स मिळाले!)

साठवाल तर आटवाल

एवढी वर्षं मी हे पॉइंट्स एफडीसारखे सांभाळत होते, तीच चूक. एफडी वाढते. पॉइंट्स भाजीसारखे, ठेवले की सुकतात. त्यांना मुदत असते, आणि एका तिकिटाला किती लागतील हे एअरलाइन कधीही बदलू शकते.

आपल्या उपनगरांनी तर याहून मोठे धक्के पाहिलेत. अमेरिकन एअरलाइन्सनं 1981मध्ये ‘अ‍ॅडव्हान्टेज’ सुरू केलं आणि माइल्सचं वेड जगभर पसरलं. आपल्याकडे ते रुजवण्यात मोठा वाटा अंधेरीच्या जेट एअरवेजचा. 5 मे 1993ला उडालेली ही कंपनी, हेडऑफिस सहार एअरपोर्ट रोडवर. एके काळी जेटचं कार्ड पाकिटात असणं म्हणजे स्टेटस! 17 एप्रिल 2019च्या रात्री तिचं शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला निघालं. माइल्सचा प्रोग्रॅम वेगळ्या कंपनीकडे होता म्हणून माइल्स वाचले आणि त्याच वर्षी ‘इंटरमाइल्स’ झाले. पण जेटच्या खिडकीतली सीट त्यात येणार नव्हती. त्याआधी किंगफिशर. विलेपार्ल्यात दिमाखदार किंगफिशर हाउस, ‘किंग क्लब’ची लाल कार्डं, आणि ऑक्टोबर 2012पासून सगळं जमिनीवर.

सगळ्याच गोष्टींचा शेवट असा होत नाही म्हणा. नोव्हेंबर 2024मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा क्लब विस्ताराचे पॉइंट्स एकास एक दरानं नव्या ‘महाराजा क्लब’मध्ये गेले. इंडिगोनंही 2024मध्ये ‘ब्लूचिप’ काढलं. पण धडा तोच, हातात आहेत तोवर उडवा.

मेट्रो, मग विमान

सकाळी असल्फाहून मेट्रो पकडली. साकीनाका, मरोळ नाका. तिथं भुयारी अ‍ॅक्वा लाइनला बदललं आणि पुढचंच स्टेशन टी-टू. आई स्टेशनच्या पाटीकडे बघत राहिली. ‘एवढ्या जवळ होतं?’ एवढंच म्हणाली.

बॅगेत पोळ्या, चटणी आणि मावशीसाठी घाटकोपरच्या खाऊगल्लीजवळून घेतलेला खाकरा. सिक्युरिटीत चपला काढायच्या का, हे तिनं तीनदा विचारलं. टेकऑफला माझा हात घट्ट धरला. ढगांच्या वर गेल्यावर सोडला आणि पोळीचा डबा उघडला. सव्वा-दीड तासात सोनेगावचा विमानतळ. आईला पटेना. ‘पोचलो? अजून तर मी नीट बसलेही नाही!’

नागपुरात आम्ही फार काही पाहिलं नाही. सकाळी तर्री पोहे, दुपारी गप्पा, संध्याकाळी गप्पा. मावशीनं आईचा चेहरा हातांनी चाचपला. खिडकीपाशी नेऊन उजेडात पाहिला. म्हणाली, ‘बारीक झालीस.’ चार वर्षांत आईचं वजन आठ किलोंनी वाढलंय!

एका संध्याकाळी तिघी रिक्षा करून सीताबर्डीजवळच्या झिरो माइलला गेलो. ब्रिटिशांच्या सर्वेक्षणाच्या काळातला वाळूच्या दगडाचा खांब आणि चार घोडे. इथून देशातली अंतरं मोजली, असं नागपूरकर अभिमानानं सांगतात. मी मोबाइलवर अकाउंट उघडलं. बॅलन्स, सहाशे. सगळे माइल्स उडवून झिरो माइलला पोचणारी मी पहिलीच नसेन, पण हसू आलंच. मावशीनं कारण विचारलं. सांगितल्यावर म्हणाली, ‘म्हणजे तुझ्या ऑफिसनं आम्हाला भेटवलं म्हण की.’

उजवीकडची खिडकी

परतीला मी मुद्दाम उजवीकडची खिडकी घेतली. मुंबईत पूर्वेकडून उतरताना असल्फा त्या बाजूला येतं. आईनं शेजारच्या काकूंना फोन करून ठेवला होता, ‘गच्चीवर माझी पिवळी चादर वाळत घाला.’

खाडी आली, मिठागरं आली, ईस्टर्न एक्सप्रेसवरच्या गाड्या काड्यापेट्यांएवढ्या दिसू लागल्या. लांबवर पवईचा तलाव. मग घाटकोपर, मेट्रोचा रूळ आणि असल्फाची टेकडी. याच टेकडीवरची घरं 2017च्या अखेरीस रंगवली गेली, तेव्हा मेट्रोतून सगळे फोटो काढत होते. वरून ती एकमेकांना बिलगून बसलेली दिसतात. सगळं मिळून काही सेकंद.

‘दिसली!’ आई ओरडली. पुढच्या सीटवरचे टायवाले काका दचकले. मला चादर दिसली नाही. खरं सांगायचं तर तिलाही दिसली असेल असं वाटत नाही. मी विचारलं नाही.

हल्ली विमान वरून गेलं की आई रिमोट शोधत नाही. टीव्हीतली सासू तोंड हलवत राहते आणि आई वर बघून म्हणते, ‘ह्यात कोण कुणाला भेटायला चाललंय, देव जाणे.’

पॅरिस? मी शून्यापासून सुरुवात केलीय. सहाशेपासून, सॉरी!

उडवण्याआधी हे बघा!

• पॉइंट्सची एक्स्पायरी आजच तपासा आणि मोबाइलमध्ये दोन महिने आधीचा रिमाइंडर लावा.
• तिकिटाच्या किमतीतून टॅक्स वजा करा, उरलेल्याला पॉइंट्सनी भागा. आलेला आकडा कॅटलॉगशी ताडून बघा.
• मंगळवार-बुधवार आणि ऑफ-सीझनला सीट्स मिळण्याचा चान्स जास्त. सणासुदीचं तिकीट हवं असेल तर कित्येक महिने आधी शोधा.
• कार्डाचे पॉइंट्स एअरलाइनकडे वळवले की सहसा परत येत नाहीत. आधी सीट शोधा, मग ट्रान्सफर करा.
• घरच्यांच्या नावानं तिकीट काढता येतं. काही ठिकाणी आधी नाव नोंदवावं लागतं, नियम वाचून घ्या.
• आणि हो, खिडकी कुठल्या बाजूची, हे विसरू नका!