बेटावरचे मुद्दल

श्रावकाच्या बारा व्रतांपैकी दिग्व्रताची आठवण अलीकडे फारशी कोणी काढत नाही. दहा दिशांना आपण कोठवर जाऊ, याची मर्यादा गृहस्थाने स्वतःच आखून घ्यावी, एवढेच हे व्रत सांगते. पूर्वसूरींना व्यापाऱ्याचा स्वभाव ठाऊक होता. त्याचे पाऊल जेथे पडते तेथे त्याचा लोभही पोहोचतो आणि लोभामागून हिंसा. म्हणून पाऊलच आवरावे, अशी ही योजना. आता तिकीट घरबसल्या मिळते आणि प्रवासाला मर्यादा उरली ती केवळ खिशाची.

बार्शीच्या एका भुसार व्यापारी कुटुंबात मात्र हे व्रत अजून पाळले जाते. घरातील वडीलधारे, ज्यांना सारे अण्णा म्हणतात, त्यांनी तीस वर्षांपूर्वी भारताच्या सीमेबाहेर न जाण्याचा नियम घेतला. मुलाने लक्षद्वीपला जाण्याचा विषय काढला, तेव्हा अण्णांनी प्रथम नकाशा मागवला. बेटे भारताचीच आहेत, याची खात्री झाल्यावरच त्यांनी होकार दिला. मुलाच्या मनात सहलीबरोबर आणखी एक हेतू होता. एका परिचिताने बेटावरील तंबूंच्या पर्यटन व्यवसायात भागीदारी देऊ केली होती. रक्कम लहान नव्हती. जागा डोळ्यांनी पाहावी आणि मग अण्णांचा शब्द घ्यावा, असा त्याचा विचार होता.

लक्षद्वीप हा 32 चौरस किलोमीटर भूमीचा केंद्रशासित प्रदेश आहे. 1956 साली तो अस्तित्वात आला आणि 1973 साली त्याला आजचे नाव मिळाले. 2011 च्या जनगणनेत तेथील लोकसंख्या चौसष्ट हजारांच्या घरात होती. भूमी इतकी थोडी असली, तरी प्रवाळभिंतींनी वेढलेली उथळ खाजणे सुमारे 4200 चौरस किलोमीटर पसरली आहेत. प्रवेशासाठी परवाना लागतो. कुटुंब पौष महिन्यात निघाले. कोचीत मट्टनचेरीच्या धर्मनाथ मंदिरात दर्शन घेतले. मसाल्याच्या व्यापारासाठी गुजरात-कच्छहून आलेल्या जैन घराण्यांची ती वस्ती पाहून अण्णा म्हणाले, “आपली माणसे समुद्रापर्यंत आली, पण देरासर आधी बांधले.” कोचीहून विमानाने अगत्ती गाठली. तेथील धावपट्टीच्या दोन्ही अंगांना समुद्र दिसतो. पुढे होडीने बंगारमच्या खाजणात आणि तेथून थिन्नकरा या छोट्या बेटावर.

थिन्नकरावर नारळाची झाडे, पांढरी वाळू आणि काठाशी उभारलेले तंबू, एवढाच संसार. घरच्या सुनेने खाकरे, दशम्या, भाजणी, मूगडाळ आणि सुका मेवा बरोबर घेतला होता. खरी चिंता स्वयंपाकघराची होती, कारण बेटावरचे मुख्य अन्न मासळी. तेथील वृद्ध आचाऱ्याला मोडक्या हिंदीत सारे समजावून सांगितले. तो मुसलमान गृहस्थ शांतपणे ऐकत राहिला. मग त्याने कोरे पातेले काढले, वेगळी चूल मांडली आणि म्हणाला, “आमच्याकडेही काय खायचे आणि काय नाही, याचे नियम आहेत. नियमवाल्या माणसाला नियमवाला ओळखतो.” भात, वरण आणि ओल्या नारळाची चटणी यांवर कुटुंबाचे तीन दिवस निघाले. सूर्यास्त साडेसहाच्या सुमारास होई. त्याआधीच सर्वांची जेवणे उरकत. रात्री दिवे फारसे नव्हतेच, त्यामुळे चौविहार पाळणे घरच्यापेक्षा सोपे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वर्षांच्या नातवाने ओंजळभर शंख-शिंपले आणि दोन कवड्या गोळा करून आणल्या. त्यांतील एक शंख अण्णांच्या तळहातावर चालू लागला. आत संन्यासी खेकडा होता. हा खेकडा जन्मतः मऊ पोटाचा असतो. दुसऱ्या जीवाने सोडलेल्या शंखात शिरून तो आपले रक्षण करतो आणि वाढला की मोठे घर शोधतो. रिकामा शंख उचलला, तरी कोणाचे तरी उद्याचे घर उचलले जाते. नातू म्हणाला, “आजोबा, ह्या कवड्यांत तर कोणी नाही. त्या नेऊ?”

अण्णांनी त्याला जवळ बसवले. शांतिसूरींच्या जीवविचार प्रकरणात शंख आणि कवडी द्वींद्रिय जीवांत मोजली आहेत, आणि प्रवाळ, म्हणजे विद्रुम, पृथ्वीकायात, हे त्यांनी सांगितले. शाळेत शिकलेल्या मुलाने लगेच हरकत घेतली: प्रवाळ हा तर प्राणी असतो. अण्णांनी वाद घातला नाही. “वर्गवारी वेगळी असेल. पण तुझी शाळा आणि आपला ग्रंथ, दोघेही त्याला निर्जीव दगड म्हणत नाहीत, एवढे लक्षात ठेव.” प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते, त्यातूनच त्याला बहुतेक अन्न मिळते. समुद्र नेहमीपेक्षा तापला की हे शैवाल निघून जाते, प्रवाळ पांढरे पडते आणि उष्णता टिकली तर मरते. लक्षद्वीपने 1998, 2010 आणि 2016 साली हे सोसले आहे. कठीण प्रवाळांना वन्यजीव कायद्याने संरक्षण आहे आणि ती बेटाबाहेर नेणे गुन्हा ठरतो.

कवडीविषयीही अण्णांना सांगायचे होते. शेजारच्या मालदीवमधून जहाजे भरभरून कवड्या बंगालला जात आणि तेथे त्या बाजारात नाणे म्हणून चालत. पुढे धातूच्या नाण्यांनी त्यांना हटवले आणि भाषेत ‘कवडीमोल’ तेवढे उरले. नातवाने विचारले, “मग एवढे जीव कशासाठी मेले?” अण्णांनी उत्तर दिले नाही. मुलाने दोन्ही कवड्या स्वतःच जाऊन भरतीच्या रेषेवर ठेवल्या.

भागीदारीचा निर्णय मात्र विहिरीपाशी झाला. स्वयंपाकघरामागे एक उथळ विहीर होती. अण्णांनी रोजच्या नियमाप्रमाणे पाणी दुहेरी कापडातून गाळले आणि कापडावरची जिवाणी त्याच विहिरीत अलगद सोडली. आचारी पाहत होता. गाळलेले जीव ज्या पाण्यातले त्याच पाण्यात परत जावेत, हे कारण ऐकून तो म्हणाला, “तुम्ही पाण्याला परत देता. लोक फक्त घेतात. हाताने बादली ओढत होतो तोवर विहिरी गोड होत्या. पंप लागले तेथे पाणी खारट झाले.”

मुलाने याचे कारण विचारून घेतले, पुढे वाचूनही पडताळले. प्रवाळबेटाखाली नदी नसते की खडकातले झरे नसतात. पावसाचे पाणी वाळूतून झिरपते आणि खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्याने त्यावर भिंगाच्या आकाराने तरंगत राहते. बेट जितके लहान, तितका हा थर पातळ. पावसाने जेवढी भर पडते तेवढ्यात भागवले, तर विहीर गोड राहते. उपसा वाढला की खालचे खारे पाणी वर चढते, आणि एकदा चढलेले सहजी उतरत नाही. सांडपाणीही त्याच वाळूतून त्याच थरात उतरते. कवरत्तीला 2005 साली समुद्राच्या पाण्यापासून दररोज एक लाख लिटर गोडे पाणी करणारा प्रकल्प उभारावा लागला, तो याच टंचाईपायी.

रात्री तंबूबाहेर बसून मुलाने हिशेब मांडला. भागीदारीच्या कागदांत तंबू दुप्पट करण्याची, प्रत्येकाला स्वतंत्र स्नानगृह देण्याची योजना होती. परतावा आकर्षक होता. मुलगा म्हणाला, “अण्णा, आपण नाही म्हटले तर दुसरा कोणी पैसे घालेलच. बेट त्याने वाचणार नाही.” हा युक्तिवाद खोटा नव्हता. अण्णा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “दुसऱ्याच्या वहीत काय लिहायचे ते तो पाहील. पाऊस म्हणजे व्याज आणि विहीर म्हणजे मुद्दल. या धंद्यात नफा व्याजातून येतो की मुद्दलातून, एवढे मला सांग.” श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत जलाशय शोषून घेण्याचा धंदा आहे, त्याची आठवण त्यांनी दिली. ‘करू नकोस’ असे मात्र ते एकदाही म्हणाले नाहीत.

बार्शीला परतल्यावर मुलाने परिचिताला पत्र लिहून तीन प्रश्न विचारले: वाढीव पाणी कोठून येणार, सांडपाण्याचे काय होणार आणि तंबूंची कमाल संख्या करारात लिहून देणार का? पहिल्या दोहोंना गोलगोल उत्तरे आली, तिसऱ्याला आलेच नाही. त्याने नम्रपणे नकार कळवला. घरात सर्वांना तो रुचला असे नाही. धाकट्या भावाने, चालून आलेली संधी घालवली, असे बोलून दाखवले, आणि आजही दिवाळीच्या वहीपूजनाला तो विषय निघतोच.

त्या वर्षीच्या पर्युषणात मुलाने प्रथमच दिग्व्रत घेतले. प्रवासाच्या मर्यादा तर त्याने लिहिल्याच, पण खाली आणखी एक ओळ जोडली: ज्या गावचे पाणी आपल्या धंद्याने आटेल, त्या गावी दुकान मांडणार नाही. व्रताच्या पारंपरिक मजकुरात ही ओळ नाही. अण्णांनी ती दोनदा वाचली, चष्मा काढून ठेवला आणि वहीवर तारीख घातली.