हळद, लसूण आणि बाबांचा अंगठा

हळदीच्या पेटंटची गोष्ट आम्हाला शाळेत किमान तीनदा तरी सांगितली गेली असेल. १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला 'हळदीने जखम भरणे' यावर पेटंट मिळालं, माशेलकरांच्या सीएसआयआरने आव्हान दिलं, जुने ग्रंथ पुढे केले, १९९७ मध्ये पेटंट रद्द. टाळ्या! मीपण वाजवल्यात. पण त्यात सिद्ध काय झालं? तर यात नवीन काही नाही, एवढंच. हळद जंतू किती मारते हा तिथे मुद्दाच नव्हता.

आत्ता हे उकरून काढायचं कारण म्हणजे बाबांचा अंगठा. बाबांना बरीच वर्षं मधुमेह. चप्पल लागून कातडं सोलवटलं, आईने शिरस्त्याप्रमाणे हळद दाबली. मधुमेहात पायाची संवेदना कमी होते, त्यामुळे दुखलं नाही. दुखत नाही म्हणजे बरं होतंय असं दोघांनी ठरवून टाकलं. आठवड्याने अंगठा काळपट. मग अ‍ॅडमिट, पू तपासायला, आणि कुठलं औषध लागू पडेल त्याचा तक्ता. अर्ध्या औषधांपुढे 'आर', म्हणजे जंतू दाद देत नाहीत. तो कागद हातात घेऊन कॉरिडॉरमध्ये उभं राहणं काय असतं ते नको विचारू. नख गेलं, अंगठा वाचला.

"अरे, पण हळदीत अँटिसेप्टिक असतं ना?" आईचा प्रश्न. असतं की! काचेच्या बशीत जंतू वाढवून त्यावर कर्क्युमिन पुरेसं घातलं तर वाढ थांबते, हे खरं आहे. पण हळदीत कर्क्युमिन असतं साधारण दोन ते पाच टक्के, ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि शरीरात फार टिकतही नाही. आमच्या धंद्यात याला "माझ्या मशीनवर तर चालतंय" म्हणतात. बशीत चालतं, प्रॉडक्शनला बोंब :-) शिवाय डब्यातली हळद काही निर्जंतुक नसते, हे वेगळंच.

मला खरी मजा वाटली ती लसणाची. अख्ख्या पाकळीत अ‍ॅलिसिन नसतंच. कच्चा माल एका कप्प्यात, त्याचं एन्झाइम दुसऱ्या कप्प्यात. ठेचली की दोन्ही एकत्र येतात आणि काही सेकंदांत अ‍ॅलिसिन तयार! तो जो भपकन वास येतो ना, तोच. कॅव्हॅलिटो आणि बेली यांनी १९४४ मध्ये ते वेगळं काढलं. बशीत ते जंतूंना मस्त झोडपतं. पण उष्णतेने एन्झाइम मरतं, म्हणजे अख्खी पाकळी फोडणीत टाकली की खेळ खलास, आणि रक्तात गेल्यावर अ‍ॅलिसिन फार काळ राहत नाही.

तरी हे सगळं थोतांड म्हणून मोडीत काढणाऱ्यांचाही मला राग येतो. चीनच्या तू यूयू यांना मलेरियावर औषध शोधताना चौथ्या शतकातल्या एका ग्रंथात छिंगहाव ही वनस्पती पाण्यात भिजवून पिळून रस प्यायचा असं सापडलं. उकळायचं कुठेच नाही! मग त्यांनी कमी तापमानाला, ईथर वापरून अर्क काढला आणि तो लागू पडला. त्यातून आर्टेमिसिनिन आलं, २०१५ मध्ये नोबेल. फरक एवढाच की त्या ग्रंथापाशी थांबल्या नाहीत. अर्क आधी जनावरांवर तपासला, मग स्वतः घेऊन पाहिला, मग रुग्णांना दिला. मात्रा ठरली. हळदीबद्दल "किती?" असं घरात कुणाला विचारून बघा, उत्तर येईल "चिमूटभर".

हे सगळं मी आईला फोनवर तावातावाने सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "मग लसूण ठेचून बांधू का?"

नाही!! कच्चा लसूण कातडीवर बांधला तर भाजल्यासारखे फोड येतात. चटणी कर, मी शनिवारी येतोय.