सावली पडणारा नायक

अलीकडे घरांतील तरुण मुलींच्या उशाशीं ज्या कादंबऱ्या सांपडतात, त्यांत एका विशिष्ट प्रकाराची मोठी चलती आहे. काळ कोणता तरी जुना. राजवाडे, समया, घोडागाड्या हा सरंजाम यथास्थित. आणि त्यांत एक जादूगार व एक जादूगारीण. दोघेंही आपापल्या विद्येंत निष्णात, आणि दोघांचें एकमेकांशीं हाडवैर. त्यानें दिवे लावावे, तिनें ते फुंकावे. तिनें रातोरात पूल उभारावा, त्यानें उजाडतांच त्याचा धूर करावा. अशीं तीनशें पानें लोटल्यावर उरलेल्या पन्नास पानांत उभयतांच्या ध्यानांत येतें कीं, इतके दिवस आपण ज्याला वैर म्हणत होतों, तें निराळेंच कांहीं होतें! वडील मंडळी हीं पुस्तकें चाळून पाहतात, नाक मुरडतात आणि म्हणतात, “हें परदेशी खूळ आपल्या घरांत कोठून शिरलें?”

आमचें म्हणणें असें कीं, तें कोठून शिरलें नाहीं. तें घरचेंच आहे. मराठी कादंबरीचा आरंभ गंभीरपणानें झाला हें खरें. १८५७ सालच्या बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’त विधवांच्या हालअपेष्टांना वाचा फुटली. परंतु त्यानंतर चारच वर्षांनीं लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली, १८६८ सालीं नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ आली, आणि मराठी वाचक अद्भुताच्या मागें धांवत सुटला. पुढें गुंजीकरांच्या ‘मोचनगडा’नें १८७१ सालीं इतिहासाचें दार उघडलें, हरिभाऊ आपट्यांनीं घरांतल्या खऱ्या दुःखांकडे पाहावयास शिकविलें, आणि अद्भुताची रवानगी मुलांच्या कपाटांत झाली. ती योग्यच झाली असें म्हणणारांशीं आम्ही भांडणार नाहीं. एवढेंच विचारूं कीं, जें माणसाला इतकें आवडतें, त्यांत माणसाविषयीं सांगण्यासारखें कांहींच नसेल काय? या प्रश्नाच्या उत्तरासाठीं फार दूर जाण्याचें कारण नाहीं. वऱ्हाडांतल्या कळंबास गेलें तरी पुरे.

कळंब हें यवतमाळ जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. यवतमाळहून नागपूरच्या रस्त्याला लागलें म्हणजे वीस-बावीस किलोमीटरांवर, चक्रावती नदीच्या कांठीं, तें लागतें. २०२४ सालापासून वर्ध्याहून येथवर रेल्वेही येऊं लागली आहे. येथील चिंतामणीचें देऊळ नव्या माणसाला क्षणभर चकविल्याशिवाय राहत नाहीं. इतर देवळांत देवाकडे चढून जावयाचें. येथें उतरून जावयाचें. पायऱ्या उतरून जमिनीच्या पोटांत शिरल्यावर दक्षिणेकडे तोंड केलेला गणपति भेटतो, आणि तेथेंच पाण्याचें कुंड आहे. कांहीं कांहीं वर्षांच्या अंतरानें हें पाणी आपोआप चढूं लागतें, गाभाऱ्यांत शिरतें, देवाच्या चरणांस लागतें आणि मग ओसरतें. भाविक म्हणतात, गंगा आली. भूगर्भशास्त्री म्हणेल, भूजलाची पातळी वाढली. पाणी मात्र दोघांच्याही वादांत न पडतां आपलें येतें आणि जातें.

या गांवाचें पुराणांतलें नांव कदंबपूर. गणेशपुराणांत त्याची जी कथा आहे ती अशी. विदर्भांत कौंडिण्यपुरीं भीम नांवाचा राजा होता. त्याचा पुत्र रुक्मांगद. (एकादशीच्या व्रतामुळें प्रसिद्ध झालेला रुक्मांगद तो निराळा.) हा शिकारीस गेला असतां तहानेनें व्याकुळ होऊन वाचक्नवि ऋषींच्या आश्रमीं आला. ऋषि घरीं नव्हते. त्यांची पत्नी मुकुंदा होती. तिनें त्याला पाहिलें, आणि पाहतांक्षणीं ती मन हरवून बसली. तिनें तें स्पष्ट सांगितलें. त्यानें स्पष्ट नाकारलें. मुकुंदेपाशीं तपोवनांतलें वाक्सामर्थ्य होतें. तिनें शाप उच्चारला, आणि त्या देखण्या राजपुत्राच्या अंगावर कुष्ठ उमटलें. पुढें नारदानें त्याला वाट दाखविली, आणि कदंबपुरच्या चिंतामणीजवळील कुंडांत स्नान केल्यावर त्याची काया पूर्ववत् झाली.

इकडे मुकुंदा झुरत राहिली. तें इंद्रानें हेरलें, आणि रुक्मांगदाचें रूप घेऊन तो तिच्यापुढें उभा राहिला. तिनें त्याला ओळखलें नाहीं. त्या भेटींतून गृत्समद जन्मला. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलाशीं परंपरेनें ज्याचें नांव जोडलेलें आहे तोच हा ऋषि. मोठेपणीं एका सभेंत त्याच्या जन्मावरून कोणी कुत्सित उद्गार काढले. त्यानें आईला गांठून सत्य विचारलें; सत्य ऐकलें आणि तिला शाप दिला कीं, तूं कांटेरी बोर होशील. आईनेंही उलट शाप दिला कीं, तुला दैत्य पुत्र होईल, तोच त्रिपुरासुर. शापांची ही देवघेव आजच्या कोणत्याही जादूच्या कादंबरीस लाजविणारी आहे. फरक इतकाच कीं, तेथें शेवटीं लग्न होतें आणि येथें कांटे उगवतात.

आतां याच विदर्भांतली दुसरी कथा हिच्या शेजारीं ठेवूं. येथेंही राजाचें नांव भीमच, आणि राजधानी कुंडिनपुर. त्याची कन्या दमयंती. महाभारताच्या वनपर्वांतली ही कथा रघुनाथ पंडितांच्या आख्यानामुळें मराठी माणसाला घरच्यासारखी झाली आहे. स्वयंवराच्या मंडपांत दमयंती हार घेऊन आली, तों समोर एक सोडून पांच नल! इंद्र, अग्नि, वरुण आणि यम हे चौघेही नलाचें रूप घेऊन बसलेले. तिनें देवांनाच हात जोडून विनविलें, तेव्हां त्यांनीं आपलीं लक्षणें प्रकट केलीं. चौघांच्या अंगावर घाम नाहीं, धूळ नाहीं; पापणी लवत नाहीं; गळ्यांतली माळ कोमेजत नाहीं; पाय भुईला टेकत नाहींत आणि सावली पडत नाहीं. पांचवा मात्र घामेजलेला होता, त्याची माळ मलूल झाली होती आणि त्याची सावली भुईवर पडली होती. दमयंतीनें हार घातला तो त्या पांचव्याच्या गळ्यांत.

इंद्र तोच, मायाही तीच, देश तोच, राजाचें नांवसुद्धां तेंच. मग एकीला मंडप मिळाला आणि दुसरीला कांटे, हें कां? दमयंती पतिव्रता आणि मुकुंदा कुलटा, हें उत्तर कीर्तनांत शोभतें, पण तेवढ्यानें आमचें समाधान होत नाहीं. आमच्या मतें खरा भेद ओळखीचा आहे. मुकुंदेनें रुक्मांगदाला घटकाभर पाहिलें होतें. तिला ठाऊक होतें तें त्याचें रूप. आणि रूप ही वस्तु उसनी मिळते. नल आणि दमयंती यांची पहिली भेट कशी झाली तें वाचकांनीं आठवावें. नल तिच्या महालांत आला तो प्रियकर म्हणून नव्हे, तर आपल्याच प्रतिस्पर्ध्यांचा दूत म्हणून. “मला सोड, देवांपैकीं एकाला वर,” हें त्यानें तिला पटवावयाचें, आणि तें तिनें खोडून काढावयाचें! प्रेमाची सुरुवात वादानें झाली. तो वाद संपेपर्यंत तिला हा मनुष्य दिलेल्या शब्दापायीं स्वतःचें सुख कितपत पणाला लावतो तें कळून चुकलें होतें. तें ज्ञान इंद्राला उसनें घेतां येण्यासारखें नव्हतें.

या ओळखीची परीक्षा पुढें पुन्हां झाली. कर्कोटक नागाच्या दंशानें नलाचें रूप पार पालटलें आणि तो बाहुक नांवानें ऋतुपर्णाच्या पदरीं सारथी होऊन राहिला. या वेळीं सावली पाहून उपयोग नव्हता, कारण सावली सगळ्याच माणसांना असते. दमयंतीनें दासीकरवीं त्याच्या हातचा पदार्थ आणविला, चाखून पाहिला आणि नवऱ्याला ओळखलें. रूप गेलें होतें, पण हाताची चव गेली नव्हती.

तिसरी कथा कच-देवयानीची. खरोखर दोन विरुद्ध पक्षांच्या विद्यांचा सामना पाहावयाचा तर तो येथेंच. असुरांच्या शुक्राचार्यांपाशीं संजीवनी विद्या. ती हस्तगत करावी म्हणून देवांनीं बृहस्पतीच्या पुत्राला त्यांचा शिष्य करून धाडला. असुरांनीं कचाला पुनः पुन्हां मारलें, आणि देवयानीच्या हट्टानें तो पुनः पुन्हां जिवंत झाला. शेवटीं तर त्याची राख मद्यांतून गुरूच्याच पोटांत गेली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनीं १९१३ सालीं ‘विद्याहरण’ नाटकांत हाच प्रसंग रंगविला. विद्या मिळाल्यावर कच निघाला. देवयानीनें हात मागितला. त्यानें नकार दिला, आणि परस्परांना शाप झाले. मिळालेली विद्या त्याच्या हातीं फळेना, आणि तिला ऋषिपुत्र वर मिळेना. येथें सहवास थोडा नव्हता. परंतु ओळख एकतर्फी होती. कचाला देवयानी पुरती कळली होती, कारण तिला प्रसन्न करणें हेंच त्याचें काम होतें. देवयानीला मात्र कच शेवटच्या दिवशीं कळला.

अशा कथा मनांत ठेवून त्या उशाजवळच्या कादंबरीकडे वळलें म्हणजे तिच्या पोरकटपणांत कांहीं अर्थ दिसूं लागतो. प्रतिस्पर्धी माणूस आपल्याकडे जितक्या बारकाईनें पाहतो, तितक्या बारकाईनें चाहता पाहत नाहीं. चाहत्याला आपलें रूप दिसतें. प्रतिस्पर्ध्याला आपली कसब दिसते, आपण कोठें अडखळतों तें दिसतें आणि कोणत्या मोहाला बळी पडत नाहीं हेंही दिसतें. ज्या जादूगारिणीनें दहा वर्षें एका माणसाचे मंत्र उलगडून मोडले, तिच्यापुढें इंद्र त्या माणसाचें रूप घेऊन येईल तर फसेल! “हा मंत्र त्याच्या हातचा नव्हे,” असें म्हणून ती दार लावून घेईल. त्या पुस्तकांतलें वैर म्हणजे बरोबरीच्या नात्यानें झालेली दीर्घ ओळख होय. आमच्या मुलींना तें आवडत असेल, तर त्यांत काळजीपेक्षां समाधानाचें कारण अधिक आहे. पत्रिका, पगार आणि छायाचित्र एवढ्यावर जेथें अजूनही लग्नें ठरतात, तेथें ओळखीची भूक लागणें हें सुलक्षणच समजावें.

परंतु जादूच्या कथेंत एक गोष्ट आम्हांस सलते, आणि ती कळंबच्या कथेंत फार स्पष्ट आहे. गौतमाच्या शापानें इंद्राची विटंबना झाली ती अहल्येच्या प्रकरणांत. आणि त्या शापाचा उःशाप त्याला कोठें मिळाला? याच कदंबपुरीं, याच चिंतामणीच्या कृपेनें, असें पुराणच सांगतें. रुक्मांगदाला कुंड मिळालें, इंद्राला कुंड मिळालें. मुकुंदेसाठीं मात्र त्या पायऱ्या कोणी उतरून दाखविल्या नाहींत. फसविणारा देव सहीसलामत स्वर्गास गेला, आणि फसलेली बाई कुंपणावरची कांटेरी झाली. तिनें निरपराध माणसाला शाप दिला, हा तिचा अपराध आम्ही लहान समजत नाहीं. परंतु तिला जी शिक्षा झाली ती त्या अपराधाची नव्हे. ती दुसऱ्यानें केलेल्या कपटाची.

आणि त्या शापाचेंही पाहा. कुष्ठ म्हणजे पापाचें फळ अशी समजूत आपल्याकडे शतकानुशतकें होती, आणि तिच्यापायीं किती माणसें घरांतून हांकलली गेलीं याची गणती नाहीं. वस्तुतः ही कथा नेमकें उलट सांगते: रुक्मांगदाला तें दुखणें जडलें तें तो सरळ वागला म्हणून! कथा ऐकणारांनीं एवढें जरी लक्षांत घेतलें असतें, तरी पुष्कळ दुःख टळलें असतें. १८७३ सालीं नॉर्वेंत हान्सेन यांनीं या रोगाचा जंतु शोधला. १९३६ सालीं कळंबच्या शेजारच्याच वर्धा जिल्ह्यांत, दत्तपूर येथें, मनोहरजी दिवाण यांनीं कुष्ठसेवेचें केंद्र उभारलें. आज औषधानें हा रोग बरा होतो. शाप एका क्षणांत उच्चारतां येतो. त्याचा उतारा मात्र कुणाला तरी वर्षानुवर्षें हातांनीं करावा लागतो.

म्हणून नवी अद्भुत कथा लिहूं पाहणाऱ्या मराठी लेखकास, आणि विशेषतः लेखिकेस, आमचें एक मागणें आहे. आपल्या जादूगारांना खुशाल भांडूं द्या. ढग पळवूं द्या, पूल विरघळवूं द्या. पण नायक निवडतांना ज्याला घाम येतो आणि ज्याची सावली पडते असाच निवडा. आणि उःशापाची वांटणी करतांना मुकुंदेला विसरूं नका. वऱ्हाडांतल्या बांधाबांधांवर ती अजून उभी आहे. कांटे लागतात म्हणून आपण तिच्यापासून पदर सांवरून चालतों. आणि संक्रांत आली कीं तिच्याच फांदीवरचीं गोड बोरें आणून लेकरांना बोरन्हाण घालतों. शापाला न जुमानतां ती माउली दरसाल फळते आहे. तिला एखादी कथा देणें, एवढें तर आपण लागतोंच.