उन्हाळ्यात तापणारी गाडी

मोटारीच्या इंजिनात जळणाऱ्या इंधनाची बरीचशी उष्णता चाकांपर्यंत पोचतच नाही. काही सायलेन्सरवाटे निघून जाते, काही इंजिनाच्या अंगात शिरते. अंगात शिरलेली ही उष्णता बाहेर काढण्याचे काम कूलंट, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, रेडिएटर आणि पंखा मिळून करतात. ही साखळी धड असेल तर इंजिनातले पाणी ९० ते १०० अंश सेल्सियसच्या आसपास राहते, मग बाहेर पुण्यातली डिसेंबरची पहाट असो की चंद्रपूरची मे महिन्यातली दुपार.

म्हणून ‘ऊन फार आहे, गाडी तापणारच’ हे उत्तर मान्य करू नये. बिघाड बहुधा आधीपासून असतो, उन्हाळा तो उघडा पाडतो. रेडिएटर किती उष्णता टाकेल हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. पाणी ९५ अंशांवर आणि हवा ३० अंशांवर असेल तर फरक ६५ अंशांचा. हवा ४५ वर गेली की तो ५० उरतो. त्याच रेडिएटरची ताकद जवळजवळ पाव हिश्श्याने घटते. त्यात एसी चालू असला तर कंडेन्सरमधून तापून आलेलीच हवा मागच्या रेडिएटरला मिळते. थोडा चोंदलेला रेडिएटर थंडीत निभावून नेतो. मे महिन्यात भरल्या गाडीने कसारा घाट चढताना तो हात टेकतो.

जाणता मेकॅनिक बॉनेट उघडण्याआधी विचारतो, गाडी तापते कधी? या एका प्रश्नाने अर्धे निदान होते. सिग्नलला किंवा गर्दीत तापते आणि गाडी धावू लागली की काटा खाली येतो, तर संशय पंख्यावर. धावत्या गाडीला वारा आपोआप मिळतो, उभ्या गाडीला पंख्याशिवाय कोणी नाही. एसी लावल्यावर बहुतेक गाड्यांत पंखा लगेच फिरतो. तेव्हा फिरतो, पण पाणी तापल्यावर फिरत नाही, तर सेन्सर किंवा त्याची वायर पाहावी. कधीच फिरत नसेल तर फ्यूज, रिले आणि शेवटी मोटर. मोटरला बॅटरीवरून थेट करंट दिला की ती जिवंत आहे की नाही ते कळते. पंखा फिरतो पण मंद, हा प्रकार सर्वांत फसवा, कारण पाहणाऱ्याला तो चालूच दिसतो.

उलट, हायवेवर किंवा चढावर तापत असेल तर पंख्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. तिथे पाणी पुरेसे वाहत नाही किंवा रेडिएटर उष्णता टाकत नाही. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत धूळ, किडे, एप्रिल-मेमध्ये उडणारा सावरीचा कापूस यांचा थर बसतो आणि समोरून तो दिसत नाही. पाणी इंजिनाच्या बाजूकडून बाहेर, हलक्या दाबाने मारावे. जोराच्या फवाऱ्याने पातळ पत्र्या आडव्या होतात आणि वाट कायमची बंद होते. आतून चोंदलेला रेडिएटर ओळखायला त्यावर थर्मामीटर गन फिरवावी: मध्येच थंड पट्टा लागला तर तिथल्या नळ्या क्षाराने बुजल्या आहेत. बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे ओतलेल्या गाड्यांत हे नेहमीचे आहे.

सुरू केल्यावर थोड्याच वेळात काटा चढला, वरचा होज पाइप कढत आणि खालचा गारच असला, तर थर्मोस्टॅट उघडत नसावा. तो साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडायला लागतो. अडकलेला थर्मोस्टॅट काढून टाकून गाडी तशीच परत देण्याची रीत जुनी आहे आणि वाईट आहे. त्याने इंजिन थंड राहते, इंधन जास्त खाते, झिजही वाढते. काही इंजिनांत तर बायपासची वाट उघडी राहून पाणी रेडिएटरला वळसा घालते आणि गाडी आणखी तापते. भाग स्वस्त आहे, नवाच बसवावा.

रेडिएटरच्या झाकणाकडे फारसे कोणी पाहत नाही. प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखे ते आत सुमारे एक बार दाब धरून ठेवते, म्हणून कूलंट १२० अंशांपर्यंतही उकळत नाही. रबर वाळले की दाब टिकत नाही आणि पाणी लवकर उकळून बाहेर पडते. याच दाबामुळे गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. उसळलेले पाणी तोंड-हात भाजते. गाडी बाजूला घेऊन, इंजिन बंद करून, ते हाताला गार लागेपर्यंत थांबावे. तापलेल्या हेडवर गार पाणी ओतल्यास ते तडकू शकते. तापलेल्या गाडीचा काटा अचानक खाली आला तर हायसे वाटू देऊ नये. पाणी संपून सेन्सर कोरडा पडला असेल, तर हेड जळायच्या बेतात असते.

कुठेही गळती नसताना पाणी कमी होणे हे सर्वांत गंभीर लक्षण. हेड गॅस्केट फुटले की जळालेला वायू पाण्यात घुसतो. थंड इंजिनाचे झाकण काढून गाडी सुरू केल्यावर बुडबुडे थांबतच नाहीत, सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो, कधी ऑइल दुधाळ होते. रेडिएटरच्या तोंडाशी धरलेले निळे तपासणी-रसायन पिवळे पडले की शंका उरत नाही. हेड उतरवल्यावर त्याचा पृष्ठभाग सरळ पट्टी ठेवून तपासावा. अॅल्युमिनियमचे हेड वाकलेले असताना नुसते नवे गॅस्केट घातले तर काम पुन्हा निघते.

दुरुस्ती कोणतीही असो, पाणी भरणे हे तिचे शेवटचे आणि सर्वांत घाईत उरकले जाणारे काम. कूलंट कंपनीने सांगितलेल्या जातीचा, डिस्टिल्ड वॉटरमध्ये बहुधा निम्मा-निम्मा मिसळून सावकाश ओतावा. हीटर पूर्ण गरमवर ठेवून आणि हवा काढण्याचा स्क्रू असल्यास तो सैल करून अडकलेली हवा निघू द्यावी. पंखा दोनदा चालू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवावे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीत पातळी पुन्हा पाहून कमी असेल तेवढी भरावी.