वजन हवा उचलते

‘मोठ्या गाडीचे टायर बदलताना काय बघावं, यावर लिहा, पण सामान्य वाचकाला कळेल असं लिहा,’ असा संपादकांचा निरोप आला. यातला दुसरा भाग माझ्यासारख्याला अवघड. टायर विकणं हे माझं काम कधीच नव्हतं. फुटलेला, सोललेला, कडेला फुगा आलेला टायर तक्रारीसह परत आला की तो कशाने गेला हे ठरवायचं आणि भरपाई मंजूर करायची की नाही यावर सही करायची, ही माझी नोकरी. ग्राहक म्हणायचे, ‘कंपनीचा माणूस, कंपनीचीच तळी उचलणार.’ कंपनीतले म्हणायचे, ‘साहेब दानशूर झालेत.’ आता निवृत्त झालो तरी ओळखीपाळखीतून लोक टायर दाखवायला आणतातच.

यंदा उन्हाळ्यात असेच एक गृहस्थ आले. सात आसनी एसयूव्ही, घरची सगळी मंडळी, वर कॅरिअरवर सामान. समृद्धी महामार्गावर मागचा डावा टायर गेला. गाडी दुभाजकाला घासत थांबली, कुणाला इजा झाली नाही. ‘सिमेंटच्या रस्त्याने टायर खाल्ला हो,’ ते म्हणाले. टायर तर जवळपास नवा होता, नक्षी भरपूर शिल्लक. मी टॉर्च घेऊन आतून पाहिलं. आतल्या अस्तरावर, बाजूच्या भिंतीच्या मधोमध, सुरकुत्यांचं एक पूर्ण कडं उमटलेलं होतं. हात फिरवला तर बोटांना रबराचा काळा भुगा लागला. पोलादी तारांचे दोन पट्टे जिथे एकमेकांपासून सुटले होते, तिथलं रबर घासून गुळगुळीत झालेलं. एका फटक्यात फाटलेलं रबर खरबरीत दिसतं. गुळगुळीत रबर म्हणजे आत बरेच दिवस घासाघीस चालू होती. ‘हवा किती ठेवत होता?’ ‘तीस. उन्हाळा आहे ना!’

त्यांनी टायर स्वस्तातला घेतला नव्हता, हेच माझ्या डोक्यातून जात नाही. उलट कंपनीने दिलेल्यापेक्षा ‘भारी’ घेतला होता.

इथे थोडं तांत्रिक सांगावंच लागतं. त्यांच्या गाडीचा मूळ टायर २६५/६५ आर१७ ११२एस. २६५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ६५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, १७ इंचांची रिम. इथवर सगळे वाचतात. पुढचं ११२एस कुणी वाचत नाही. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरची वेगमर्यादा आणि ११२ हा भारांक. तक्त्यात पाहिलं तर एका टायरला ११२० किलो. चार टायरांचे झाले जवळजवळ साडेचार टन. भरलेली गाडी पावणेतीन टनांच्या आसपास. मग काळजी कसली? काळजी ही की ते ११२० किलो ३६ पौंड हवेला आहेत. वजन रबर उचलत नाही, तारा उचलत नाहीत. वजन हवा उचलते. टायर हे त्या हवेचं फक्त भांडं. हवा कमी केली की तोच टायर कमी वजनाचा होतो.

दुकानदाराने त्यांना ‘दहा प्लाय’चा, एलटी जातीचा, मोठ्या गोट्यांच्या नक्षीचा टायर बसवून दिला होता. एलटी म्हणजे हलक्या मालवाहू गाड्यांचा. माप तेच, भारांक १२०, म्हणजे १४०० किलो. पण ही ताकद ८० पौंडांना. एलटी टायरला तेवढंच वजन पेलायला मूळ टायरपेक्षा जास्त हवा लागते. ३० पौंडांवर तो मूळ टायरपेक्षाही कमी भार घेतो, आणि जाड रबर असल्याने तापतो मात्र जास्त. शिवाय दहा प्लाय म्हणजे आत दहा थर नसतात. ती जुन्या काळच्या सुती थरांवरून आलेली ताकदीची श्रेणी आहे. बाजूच्या भिंतीत बहुधा दोन-तीनच थर असतात.

आता माझं आवडतं भांडण. ‘उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची, नाहीतर फुगून टायर फुटतो’ हे आपल्याकडे पंपावरचा पोऱ्याही सांगतो आणि इंजिनिअर झालेला जावईही. साधा हिशेब करा. तापमान साधारण सहा अंशांनी वाढलं की दाब एक पौंडाने वाढतो. सकाळी ३५ भरलेत आणि धावताना आतली हवा ४० अंशांनी तापली, तर दाब ४२च्या आसपास जाईल. धडका टायर याच्या कितीतरी पट दाब सोसतो. आणि गाडीवर लिहिलेला आकडा ही वाढ गृहीत धरूनच काढलेला असतो. म्हणूनच तो थंड टायरचा आकडा आहे. हवा कमी केलीत तर काय होतं? टायर जमिनीला टेकतो तिथे भिंत जास्त वाकते. ताशी १२० च्या वेगात हा टायर सेकंदाला सुमारे चौदा वेळा फिरतो, म्हणजे भिंतीचा प्रत्येक भाग सेकंदाला चौदा वेळा वाकतो आणि सरळ होतो. एका मर्यादेपलीकडे तर त्याला सरळ व्हायलाही सवड मिळत नाही. रबरावर लाटा उठतात, उष्णता निघून जात नाही आणि पट्ट्यांच्या कडा सुटू लागतात. टायर फुटतो तो कमी हवेने तापून. नावं ठेवली जातात सिमेंटला. वर नायट्रोजनचे वेगळे पैसे! साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन फुकट असतो.

हे सगळं मी ठामपणे सांगतो खरा, पण एक काटा आहे. २००० सालच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत बोलावले. बहुतेक फोर्ड एक्सप्लोरर या एसयूव्हीचे. नक्षीचा पट्टा सुटायचा, गाडी उलटायची; २७१ मृत्यूंशी संबंध जोडला गेला. फोर्डने हवा सांगितली होती फक्त २६ पौंड. टायरवाले म्हणाले हवा आणि गाडी. गाडीवाले म्हणाले टायर. शतकभराची सोयरीक २००१ मध्ये मोडली. शेवटी सरकारी तपासाने पट्टे सुटण्याचा दोष टायरच्याच माथी मारला. तेव्हापासून अहवालात ‘हवा कमी होती’ लिहिताना माझा हात क्षणभर थांबत असे. लोक हवा तपासत नाहीत हे बनवणाऱ्याला ठाऊक असताना, थोडी हयगय सोसेल असा टायर बनवायला नको का? त्या गृहस्थांच्या टायरबद्दलही मी ‘हवा’ असंच म्हणालो. ते खरंच होतं. पण ८० पौंडांचा टायर विकताना त्यांना हवेबद्दल चकार शब्द न सांगणाऱ्याचं काय?

बाकीचं थोडक्यात. टायरवरच्या डीओटी अक्षरांमागचे शेवटचे चार आकडे बघा. ३२२४ म्हणजे २०२४ सालचा बत्तिसावा आठवडा. नक्षीची कायदेशीर हद्द १.६ मिलिमीटर, पावसाळ्यासाठी मी तिच्यावर विसंबत नाही. दोनच नवे घेतलेत तर ते मागे टाका, पुढचाकी ओढ असली तरी. ओल्या रस्त्यावर मागची बाजू सुटली तर सामान्य चालकाला ती सावरता येत नाही. कायम चारही चाकांना ओढ देणाऱ्या गाडीत मात्र चारही सारखेच हवेत. महिन्यातून एकदा चिखल दिसत असेल तर गोट्यांचा टायर हा केवळ शौक आहे. तो आवाज करतो आणि डिझेल खातो.

भारांक मूळ टायरइतका किंवा त्याहून जास्त घ्या, आणि जात तीच ठेवा. हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी, स्वतःच्या गेजने मोजा. आकडा चालकाच्या दाराच्या खांबावर चिकटवलेला असतो, गाडी भरलेली असेल तर त्यातला मोठा आकडा. आणि दुकानात ‘यातला भारी कोणता?’ असं विचारू नका. ‘माझ्या भरलेल्या गाडीला या टायरमध्ये किती पौंड हवा लागेल?’ असं विचारा. उत्तर आलं नाही, तर सरळ दुसरं दुकान गाठा.